चढताना दम, उतरताना मांड्या

कळसूबाई चढताना माणसाची परीक्षा घेतात ती फुप्फुसं. १,६४६ मीटरचा माथा गाठेपर्यंत दम निघतो, शर्ट भिजतो, शिड्यांपाशी पाणी पिण्याच्या निमित्ताने जो तो टेकतो. उतरताना हे सगळं संपतं. श्वास जागेवर येतो, गप्पा रंगतात, 'आता काय, उतरायचंच तर आहे' असा धीर एकमेकांना दिला जातो. वसुली होते ती नंतर. रविवारी शिखर करून आलेला माणूस मंगळवारी ऑफिसचा जिना चढतो ठीकठाक, पण उतरताना कठडा धरून, तिरका होत, एकेक पायरी जपून उतरतो. मांड्या भरल्यात म्हटलं की ऐकणारा चढाईला नावं ठेवतो. खरा गुन्हेगार उतार असतो.

स्नायू काम करतो म्हणजे आखडतो, असं आपण शाळेत शिकतो. ते अर्धंच खरं आहे. गड उतरताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार पुढच्या पायावर येतो आणि गुडघा वाकतो. तो एकदम दुमडू नये म्हणून मांडीचा पुढचा स्नायू जोर लावून धरतो. म्हणजे तो आखडायचा प्रयत्न करत असतो आणि त्याच वेळी भाराखाली लांब होत असतो. या प्रकाराला 'एक्सेंट्रिक' काम म्हणतात. बैठकीत खाली जाताना, डंबेल सावकाश खाली आणताना, भरलेली कळशी अलगद जमिनीवर ठेवताना हेच घडतं.

या कामाचा विचित्रपणा १९५२ साली लंडनमध्ये फार मजेशीर रीतीने दाखवला गेला. ॲबट, बिगलँड आणि रिची या तीन संशोधकांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पुढे पायडल मारायचं, दुसऱ्याने उलट फिरणाऱ्या पायडलला विरोध करायचा. साखळी एकच, त्यामुळे दोघांचा जोर सारखाच. तरीही विरोध करणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागत होता. पायडल मारणाऱ्याचा खर्च वेगानुसार दुपटीहून जास्त, तर कधी पाचपटीपर्यंत भरला. रॉयल सोसायटीत हे प्रात्यक्षिक झालं तेव्हा विरोध करायला एक लहानखुरी स्त्री बसली होती आणि पायडल मारायला धिप्पाड पुरुष. तो बघता बघता दमला, तिला फारसं काही वाटलं नाही.

उतरताना गप्पा का रंगतात, त्याचं उत्तर इथेच मिळतं. पण प्राणवायूचा हिशेब कमी निघाला म्हणजे काम स्वस्तात झालं असं नाही. ताणला जाणारा तंतू, जागच्या जागी जोर लावणाऱ्या तंतूच्या दीडपटीहूनही जास्त बल पेलू शकतो. म्हणून तेवढ्याच कामाला कमी तंतू पुरतात, आणि जे कामाला लागतात त्यांच्या प्रत्येकाच्या वाट्याला जास्त ओढ येते.

स्नायूचा तंतू हा सार्कोमिअर नावाच्या अतिसूक्ष्म खणांची लांबच लांब ओळ असतो. एकेक खण सुमारे अडीच मायक्रोमीटरचा. त्यात मायोसिन या प्रथिनाचे धागे ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्यांना पकडून आत ओढतात. रस्सीखेचीत समोरचा संघ भारी पडला आणि तरीही आपण दोर सोडला नाही, तर तळवे सोलपटतात. मायोसिनच्या पकडींचं तसंच होतं, त्या सुटत नाहीत, ओरबाडून निघतात. त्यात सगळे खण सारख्या ताकदीचे नसतात. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड मॉर्गन यांनी १९९० मध्ये मांडलं की ओळीतला सर्वांत कमजोर खण आधी ताणला जातो, ताणल्यामुळे आणखी कमजोर होतो, आणि शेवटी एकदम निसटतो. मग पाळी पुढच्या कमजोर खणाची. ही कल्पना सगळ्यांना जशीच्या तशी मान्य नाही. टायटिन नावाचं प्रचंड लांब प्रथिन या ताणात बराच भार उचलतं, हे आता कळलं आहे. पण खण विस्कटतात याबद्दल वाद नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या यान फ्रिडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना जिने उतरायला लावून पोटरीच्या स्नायूचे सूक्ष्म तुकडे काढले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. एरवी आखल्यासारख्या सरळ दिसणाऱ्या खणांच्या सीमारेषा ठिकठिकाणी नागमोडी झालेल्या, फिसकटलेल्या होत्या.

आता लॅक्टिक आम्लाचं काय? जिममध्ये आजही छातीठोकपणे सांगतात की पाय दुखतात ते 'लॅक्टिक साचल्यामुळे'. १९८३ मध्ये अमेरिकेत हे सरळ तपासलं गेलं. माणसांना सपाटीवर पळवलं आणि उतारावरही. लॅक्टिक आम्ल वाढलं ते सपाटीवर, पाय दुखले ते उतारानंतर. शिवाय वाढलेलं लॅक्टिक आम्ल तासाभरात खाली येतं, तर ही दुखण्याची कळ दुसऱ्या दिवशी सुरू होते. चाळीस वर्षं झाली या प्रयोगाला. समज मात्र ठणठणीत आहे.

खण विस्कटल्यानंतरची गोष्ट संथ चालते. तंतूच्या पातळ आवरणातून कॅल्शियम आत झिरपतं, त्याने प्रथिनं कापणारी विकरं जागी होतात. काही तासांत पांढऱ्या पेशी येतात, मागाहून मलबा उचलणाऱ्या मोठ्या पेशी. तंतूंच्या कडेला निजून असलेल्या उपग्रह पेशी, ज्यांचा शोध १९६१ मध्ये लागला, त्या गरज पडली तर दुरुस्तीला लागतात. जपानी संशोधकांनी उंदरांवर केलेल्या कामातून दिसलं की या काळात स्नायूत मज्जातंतूंना संवेदनशील करणारं एक प्रथिन वाढतं. मग जे एरवी जाणवलंही नसतं, ते साधं दाबणं किंवा ताणणंही दुखतं. दुखणं साधारण २४ ते ७२ तासांच्या दरम्यान शिगेला पोचतं आणि आठवड्याभरात ओसरतं. त्यातला बराचसा भाग तंतूंपेक्षा त्यांच्यावरच्या पातळ वेष्टनातून येत असावा, असं मानायला जागा आहे.

म्हणूनच दुखण्यावरून इजा मोजता येत नाही. काहींचा जोर निम्म्यावर येतो आणि फारसं दुखत नाही, काहींचं उलट. रक्ताचा अहवालही असाच फसवा. क्रिएटिन कायनेज हे विकर एरवी दोनशे युनिटच्या आत असतं. हातांचा जोरदार एक्सेंट्रिक व्यायाम पहिल्यांदा केला तर ते चौथ्या-पाचव्या दिवशी हजारोंत जाऊ शकतं. यकृताच्या तपासणीतली एसजीओटी आणि एसजीपीटी ही दोन विकरंही स्नायूंतून रक्तात येतात. अवघड ट्रेकनंतर लगेच 'फुल बॉडी चेकअप' करून घेणाऱ्याने डॉक्टरांना ट्रेकबद्दल आवर्जून सांगावं, नाहीतर यकृताच्या नावाने चार तपासण्या वाढतात.

या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटतो तो दुसरा फेरा. हाच व्यायाम दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा केला, तर दुखणं किरकोळ, ताकद लवकर परत, आणि विकर जेमतेम हललेलं. बरं, मधल्या काळात काही केलेलंही नसतं. स्नायू वाढलेला नसतो, माणूस बलवान झालेला नसतो. एका अनुभवावर स्नायूचं वागणं बदलतं. कोपराच्या स्नायूंवर कझुनोरी नोसाका आणि प्रिसिला क्लार्कसन यांनी वर्षानुवर्षं हे तपासलं. काही बाबतींत हे संरक्षण सहा महिन्यांपर्यंत टिकतं. त्यासाठी पहिल्या फेऱ्यात हाल करून घ्यायचीही गरज नाही, पूर्ण जोराच्या दोन आवर्तनांनीसुद्धा नंतरच्या चोवीस आवर्तनांपासून थोडा बचाव मिळाला. आणि एका हाताने व्यायाम केला तर दुसऱ्या, काहीही न केलेल्या हातालाही थोडं संरक्षण मिळतं.

हे दुसऱ्या हाताचं वाचल्यावर उघड होतं की सगळा मामला स्नायूतच नाही. मज्जासंस्था भार जास्त तंतूंत वाटून द्यायला शिकते, हा एक भाग. स्नायूतली जोडऊती बदलते, हा दुसरा. तिसरा सुंदर आहे. १९९४ मध्ये लिन आणि मॉर्गन यांनी काही उंदीर उतारावर पळवले, काही चढावर. उतारवाल्यांच्या मांडीच्या एका स्नायूत ओळीतल्या खणांची संख्या जास्त भरली. खण वाढले की तेवढ्याच लांबीसाठी प्रत्येकाला कमी ताणावं लागतं. अर्थात खण घालायला दिवस लागतात, म्हणून पहिल्या काही दिवसांतल्या बचावाचं श्रेय बहुधा इतर बदलांना द्यावं लागेल.

दर रविवारी सिंहगड करणाऱ्या पुणेकराच्या मांड्या सोमवारी का कुरकुरत नाहीत, ते यातून कळतं. आणि वर्षभर ट्रेडमिलवर घाम गाळलेला, दमाला पक्का माणूस राजगड उतरून आल्यावर का आंबतो, तेही. बहुतेक ट्रेडमिलना उतार नसतो. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही सुमारे ९० किलोमीटरची शर्यत पीटरमॅरिट्झबर्गहून डर्बनकडे जाते त्या वर्षी समुद्रसपाटीपर्यंत उतरते. महाराष्ट्रातून तिथे जाणारे धावपटू त्या 'डाउन रन'साठी घाट उतरण्याचा वेगळा सराव करतात, तो उगाच नाही.

अंग दुखत असताना पुन्हा मेहनत करावी का? तालमीत नव्या पोराला पहिल्या दिवशीच्या बैठकांनी चालवेनासं होतं, तरी दुसऱ्या दिवशी वस्ताद त्याला मातीत उतरवतो. प्रयोग वस्तादाच्या बाजूने आहेत. तैवानमध्ये सात दिवस रोज एक्सेंट्रिक व्यायाम करून घेतला, तरी इजा वाढली नाही की बरं होणं लांबलं नाही. पण डोंगरात एक फरक आहे. पहिल्या उतारानंतर जोर घटलेला असतो आणि पाय नेमका कुठे, किती वाकलाय याचा अंदाजही बिघडतो. दुसऱ्या दिवशी घसाऱ्यावर पाय मुरगळण्याची भीती त्यातून येते. स्नायूला धोका नाही, घोट्याला आहे.

उपायांबद्दल थोडक्यात. व्यायामाआधी-नंतर ताण देण्याने दुखणं कमी होतं, पण शंभरात चार गुणांपेक्षाही कमी. मालिशने बरं वाटतं आणि थोडा फायदा आहे. बर्फाच्या पाण्यात बसणं दुखण्याला आराम देतं, पण ताकद वाढवायची असेल तर नेहमीची सवय उलटी पडते. वेदनाशामक गोळ्यांबाबत मी कडक आहे. मोठ्या मात्रेत त्या दुरुस्तीसाठी लागणारी प्रथिननिर्मिती मंदावतात, आणि पाणी कमी प्यायलेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण आणतात. मोठ्या ट्रेकच्या दोन आठवडे आधी एखादी टेकडी उतरून येणं यांतल्या कशाहीपेक्षा उपयोगी. एक लक्षण मात्र अंगावर काढू नये. स्नायू सुजून टणक झाले आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर थेट रुग्णालय गाठावं. तंतू मोठ्या प्रमाणावर फुटून मूत्रपिंड धोक्यात आल्याची ती खूण असते.

दुखल्याशिवाय स्नायू वाढत नाही, हेही खरं नाही. ब्राझीलमधल्या एका अभ्यासात पहिल्या फेऱ्यानंतर वाढलेली प्रथिननिर्मिती बरीचशी डागडुजीत गेली. वाढीशी तिचं नातं जुळलं ते इजा कमी झाल्यानंतरच्या आठवड्यांत. २०१७ मध्ये तैवानमध्ये साठीपुढच्या स्थूल स्त्रियांचे दोन गट करून बारा आठवडे प्रयोग झाला. एक गट जिने चढून लिफ्टने खाली यायचा, दुसरा लिफ्टने वर जाऊन जिने उतरायचा. पायऱ्यांची संख्या हळूहळू वाढवत नेली होती. उतरणाऱ्या बायकांच्या हृदयाचे ठोके कमी वाढत होते, तरी मांड्यांची ताकद, हाडांची घनता आणि रक्तातल्या साखरेवरचा ताबा, तिन्ही त्यांचं जास्त सुधारलं.