वेताळाचं लग्न आणि तिसाव्या शतकातला नियम

माझ्या पिढीच्या मराठी वाचकानं लग्न झालेला सुपरहिरो पहिल्यांदा पाहिला तो वेताळ. ली फॉकनं फेब्रुवारी १९३६ मध्ये अमेरिकी वर्तमानपत्रांत सुरू केलेला हा 'फँटम' १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून भारतात येऊ लागला. मराठी अंकांत तो वेताळ झाला आणि त्याचा देश डेंकाली.

आमच्या घरी हे अंक वडिलांमुळे यायचे. नाशिकच्या सातपूरला त्यांची सेकंड शिफ्ट असली की घरी पोचायला रात्रीचे बारा उलटून जायचे. डब्याच्या पिशवीत कधीकधी रद्दीतून उचललेला एखादा अंक असायचा. पिनेला गंज, कोपरे दुमडलेले आणि आधीच्या मालकानं मुखपृष्ठावरच्या खलनायकाला पेनानं काढलेल्या मिशा. आई जागीच असायची. भाजी पुन्हा गरम होईतो ती अंक चाळायची आणि तिचं एकच विचारणं असायचं, "अहो, ह्याचं त्या डायनाशी लग्न लागलं का?"

डायना पामर १९३६ च्या पहिल्याच कथेत आली आणि लग्न लागलं १९७७ साली. एकेचाळीस वर्षं! खरं तर वेताळाला लग्नावाचून गत्यंतरच नव्हतं. १५३६ पासून हा मुखवटा बापाकडून मुलाकडे जात आलेला. आपला वेताळ एकविसावा, आणि बाविसावा यायचा तर घर मांडणं भागच होतं. १९७९ मध्ये त्यांना किट आणि हेलॉइज ही जुळी झाली. डायनानं संयुक्त राष्ट्रांमधली नोकरी सोडली नाही. आणि मुखवट्याआडचा माणूस कोण, हे तिला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

वेताळाकडे जंगल होतं. ज्यांच्या वाट्याला शहर आलं, त्यांचा संसार लेखकांना फार जड गेला.

जेरी सीगल आणि जो शूस्टर यांचा सुपरमॅन जून १९३८ च्या अंकात अवतरला, आणि त्याच अंकात पत्रकार लोइस लेनही होती. पुढच्या वर्षी त्याच्या शहराला मेट्रोपोलिस हे नाव मिळालं. फ्रिट्झ लांगच्या १९२७ मधल्या जर्मन मूकपटाचंही तेच नाव. त्यातलं भविष्यातलं शहर म्हणजे वर आभाळाला भिडणारे मनोरे आणि जमिनीखाली यंत्रांवर राबणारी माणसं. १९३९ सालीच न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सनं १९६० सालच्या जगाची भलीमोठी प्रतिकृती मांडली आणि लोक सरकत्या खुर्च्यांत बसून ती वरून पाहत गेले. त्याच प्रदर्शनात ३ जुलै १९४० ला 'सुपरमॅन दिन' साजरा झाला. उद्याचं शहर आणि त्याचा राखणदार असे जोडीनंच वाढले. राखणदार रात्री जेवायला कुठे जातो, याचा विचार तेव्हा कुणी केला नव्हता.

लोइसला सुपरमॅन आवडतो, शेजारच्या टेबलावरचा क्लार्क आवडत नाही, आणि दोघे एकच. या एका गाठीवर कथा पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. गाठ सुटली की गोष्ट संपेल, ही भीती समजण्यासारखी आहे. म्हणून साठच्या दशकात त्यांची लग्नं लागली ती 'काल्पनिक कथा' अशी पाटी लावूनच. अखेर १९९० मध्ये क्लार्कनं मागणी घातली, लोइसनं होकार दिला, आणि १९९१ मध्ये त्यानं तिला आपलं गुपित सांगितलं. लग्न तोंडावर आलं होतं. तेवढ्यात त्या दोघांवर दूरचित्रवाणी मालिका येऊ घातली, म्हणून पुस्तकातलं लग्न थांबवायचं ठरलं. मग मधला वेळ भरून काढायला लेखकांनी काय केलं, तर १९९२ मध्ये सुपरमॅनला मारलं. तो पुढे परतला आणि १९९६ मध्ये पडद्यावर व कागदावर दोन्हीकडे लग्न लागलं. पण लग्नापेक्षा मरण लिहिणं सोपं वाटावं, हे मला आजही लागतं. २०११ च्या नव्या मांडणीत ते लग्न पुसलं गेलं. वाचकांना त्यांचे क्लार्क-लोइस परत मिळायला काही वर्षं गेली, आणि आले ते जॉन नावाच्या मुलासह.

स्पायडरमॅनचं तर याहून वाईट झालं. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर प्रेक्षकांसमोर त्याचं आणि मेरी जेनचं लग्न लावलं, आणि २००७ मध्ये मे काकूचे प्राण वाचवायच्या बदल्यात तेच लग्न सैतानाला देऊन टाकलं. आपल्याकडे १९९७ मध्ये शक्तिमान आला तेव्हाही समोर पत्रकारच होती, गीता विश्वास.

टिकलेला संसार शोधायचा तर 'फँटास्टिक फोर'मधल्या रीड रिचर्ड्‌स आणि सू स्टॉर्मकडे जावं लागतं. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६५ मध्ये त्यांचं लग्न लावलं. मांडवावर खलनायकांची फौज चालून आली तरी लग्न लागलं. १९६८ मध्ये मुलगा झाला. उंच इमारतीचे वरचे मजले हेच त्यांचं घर, तीच प्रयोगशाळा. दोघे एकाच कामात असल्यामुळे घरी काही लपवायचं नव्हतं. तरीसुद्धा लग्न झालेली, पोराची आई असलेली सू १९८५ पर्यंत 'इन्व्हिजिबल गर्ल'च राहिली. 'वूमन' म्हणवून घ्यायला तिला वीस वर्षं लागली.

पण माझं मन अडकतं ते 'लीजन ऑफ सुपरहिरोज'पाशी. ही मुलं १९५८ मध्ये आली, पण त्यांचं मेट्रोपोलिस तिसाव्या शतकातलं. बोटात अंगठी घातली की उडता येतं, दुसऱ्या ग्रहावर जाणं म्हणजे रोजचंच. आणि अशा संघाच्या घटनेत नियम काय, तर लग्न केलं की संघ सोडायचा. १९७४ मध्ये बाउन्सिंग बॉय आणि डुओ डॅमसेल यांनी लग्न केलं आणि त्यांना जावं लागलं. १९७८ मध्ये लाइटनिंग लॅड आणि सॅटर्न गर्ल गेले. सॅटर्न गर्ल तर एकेकाळी या संघाची प्रमुख होती. पुढे तो नियम गेला, पण हजार वर्षं पुढचं शहर रंगवणाऱ्या लेखकांना आपल्या काळातल्या कचेरीतला हा नियम तेवढा सोडवला नाही. आपल्याकडे नेमक्या त्याच सुमारास, १९७९ मध्ये, सी. बी. मुथम्मा यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. परराष्ट्र सेवेतल्या स्त्रीनं लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, आणि लग्नानंतर सरकार तिला राजीनामा द्यायला सांगू शकेल, असा तो नियम. न्यायालयानं त्यावर कडक ताशेरे ओढले. लीजनमधला नियम निदान स्त्री-पुरुष दोघांना सारखा होता.

नाशिककराला हा प्रश्न परका वाटू नये. पंचवटीत शूर्पणखा रामापुढे येते तेव्हा राम सांगतो की माझं लग्न झालंय, आणि लक्ष्मणाकडे बोट दाखवतो. वाल्मीकींनी तिथे लक्ष्मणासाठी शब्द वापरला आहे 'अकृतदार', म्हणजे लग्न न झालेला. उर्मिला अयोध्येत आहे. टीकाकारांनी या शब्दाचा अर्थ 'बायको सोबत नसलेला' असा लावून पाहिला. सीता गुंफेपाशी रांगेत उभं असताना मला रामसीतेइतकीच, त्या एका शब्दात गायब झालेली उर्मिला आठवते. चौदा वर्षं पहारा देणाऱ्याचं घर तिनं सांभाळलं.

आणि पडद्यावर उडणारा वीर याच गावच्या माणसानं आणला. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'नंतर, १९१३ मध्येच, आपलं बिऱ्हाड आणि काम घेऊन नाशिकला आले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये त्यांनी सोन्याच्या नगरीवर हनुमान उडवला. (राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाच्या.) लोकांना तो चमत्कार वाटला. पण फाळक्यांच्या घरात एका व्यक्तीला त्यातलं सगळं ठाऊक होतं. सरस्वतीबाईंनी पहिल्या चित्रपटासाठी दागिने काढून दिले, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला. दिवसा चित्रीकरणात उजेड परतवायला पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहिल्या. रात्री अंधाऱ्या खोलीत कच्च्या फिल्मच्या कडेला यंत्रानं छिद्रं पाडली, रसायनं मिसळली, फिल्म धुतली. नवऱ्याचं गुपित त्यांच्या बोटांना माहीत होतं.

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला चौऱ्याण्णवावं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष होते जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. आडगावच्या मांडवात बसून मी त्यांच्या पहिल्या विज्ञानकथेचा विचार करत होतो. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावानं पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून ती त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हातून लिहून घेतली. ते अक्षर मंगलाताईंचं, त्यांच्या पत्नीचं.