फॉल्स की नॉट गिव्हन? विहीर आठवली की मार्क गेला

परदेशी शिक्षण-नोकरीसाठी लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणारी आपल्याकडची पोरं भेटली, मग ती बेळगावची असोत, खानापूरची असोत की निपाणीची, रीडिंग म्हणजे वाचनाच्या पेपरबद्दल एकच रड ऐकू येते: ‘शब्दसंग्रह कमी पडतोय.’ मग कुणीतरी व्हॉट्सॲपवर हजारो शब्दांची पीडीएफ पाठवतं आणि महिनाभर ती पाठ होत बसते. सराव पेपर तपासायला घेतला की दिसतं वेगळंच. लाल खुणा एकाच जागी दाटलेल्या असतात: उतारा वाचून दिलेल्या विधानापुढं ट्रू, फॉल्स किंवा नॉट गिव्हन लिहायचं, त्या प्रश्नात. फॉल्स लिहायचं तिथं नॉट गिव्हन आणि नॉट गिव्हन लिहायचं तिथं फॉल्स. यात शब्दसंग्रहाचा काडीचा संबंध नाही, आणि ते मी मराठीतच दाखवणार आहे.

ट्रूवर वेळ घालवत नाही. विधानातले शब्द वेगळे असले तरी अर्थ उताऱ्यातलाच निघाला की ट्रू. फॉल्सही ओळखीचा आहे. शाळेत ‘चूक की बरोबर ते लिहा’ सोडवतच आपण मोठे झालो. घोळाचं मूळही तिथंच आहे. त्या प्रश्नाला दोनच खण होते. बरोबर नाही म्हणजे चूक, विषय संपला. शिवाय धड्याबाहेरचं काही माहीत असेल तर बाई कौतुकच करायच्या. आयईएलटीएसमध्ये तिसरा खण आहे आणि बाहेरच्या माहितीला तिथं मज्जाव आहे. उतारा विधानाच्या विरुद्ध बोलत असेल तर फॉल्स. उतारा त्या मुद्द्यावर गप्प असेल तर नॉट गिव्हन. व्याख्या सगळ्यांना पाठ असते. पेपर हातात आला की ती विसरायला होतं.

आता हा उतारा बघा. परीक्षेत तो इंग्रजीत आणि याच्या कितीतरी पट लांब असतो, पण खोड तीच.

‘डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. महात्मा गांधी या अधिवेशनाचे अध्यक्ष होते. काँग्रेसचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन. संयोजनात गंगाधरराव देशपांडे यांचा मोठा वाटा होता. अधिवेशनाच्या जागेला विजयनगर असं नाव देण्यात आलं होतं.’

पहिलं विधान: गांधीजींनी काँग्रेसचं अध्यक्षपद एकापेक्षा जास्त वेळा भूषवलं. फॉल्स. ‘एकमेव’ या शब्दावर बोट ठेवता येतं. इथं कुणी चुकत नाही.

दुसरं विधान: अधिवेशनासाठी विहीर खोदण्यात आली होती.

हे विधान मी वर्गात दिलं की बेळगावच्या टिळकवाडीकडची पोरं हमखास ट्रू लिहितात. नॉट गिव्हन म्हटलं की भांडायला उठतात. ‘सर, विहीर आहे की हो! वीरसौधाजवळ, आम्ही रोज तिथनंच येतो.’ आहे ना. काँग्रेस विहीर सगळ्या गावाला माहीत आहे, तिला पंपा सरोवर म्हणायचे हेही काहींना माहीत असतं. पण या पाच ओळींत विहीर कुठं आहे? नाही. म्हणजे नॉट गिव्हन. विधान जगात खरं असून उत्तर नॉट गिव्हन असू शकतं, हे एकदा गळी उतरलं की निम्मं काम झालं. बाहेरगावची पोरं या प्रश्नाला अजिबात अडखळत नाहीत, कारण त्यांना विहीर माहीतच नसते. परीक्षेतही हेच होतं. नर्सिंगच्या मुलीला मधुमेहावरचा उतारा आला, इंजिनिअरिंगच्या मुलाला पुलांवरचा आला, की तीच माणसं तिथं जास्त मार्क घालवतात. ज्ञान आड येतं.

तिसरं विधान: अधिवेशन उन्हाळ्यात भरलं होतं. आता हुशार पोरं फसतात. नुकतंच ऐकलेलं असतं की बाहेरचं काही आणायचं नाही. मग ती म्हणतात, उताऱ्यात ऋतूचा उल्लेख नाही, नॉट गिव्हन. चूक. डिसेंबर लिहिलंय आणि जागा बेळगाव आहे. बेळगावात डिसेंबर म्हणजे उन्हाळा नव्हे. उत्तर फॉल्स. फॉल्स व्हायला उताऱ्यात ‘नाही’ हा शब्द असावाच लागतो असं नाही. दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, एवढं पुरे.

मग विहीर बाहेरची आणि डिसेंबर आतला, हे ठरवायचं कसं? माझी कसोटी सोपी आहे. बेळगावात कधी पाऊल न ठेवलेला, काँग्रेसचा इतिहास न वाचलेला, पण कॅलेंडर कळणारा आणि समोरचं नीट वाचणारा जबलपूरचा एखादा माणूस डोळ्यांसमोर आणा. हा उतारा वाचून तो विधान खोडू शकतो का? उन्हाळ्याचं विधान तो खोडेल. विहिरीबद्दल खांदे उडवेल. त्यानं खांदे उडवले की नॉट गिव्हन.

तरीही शंका उरली तर विधान उलटं करून बघा. ‘अधिवेशन उन्हाळ्यात भरलं नव्हतं’, हे उताऱ्यावरून सिद्ध होतं का? होतं. म्हणजे मूळ विधान फॉल्स. ‘विहीर खोदली नव्हती’, हे सिद्ध होतं का? तेही होत नाही. सरळही नाही, उलटंही नाही, म्हणजे नॉट गिव्हन. दुसऱ्या कुठल्याही युक्तीपेक्षा मला ही भरवशाची वाटते, कारण हिच्यात अंदाजाला जागाच राहत नाही.

नॉट गिव्हनची विधानं बनवणाऱ्यांच्या काही आवडत्या जागा आहेत, त्या ओळखून ठेवा. तुलना ही सगळ्यांत लाडकी. ‘बेळगावचं अधिवेशन आधीच्या अधिवेशनापेक्षा मोठं होतं.’ आधीच्याबद्दल उताऱ्यात अक्षर नाही, पण वाचताना डोकं आपसूक मान डोलावतं. मग येतं कारण. ‘गांधीजी अध्यक्ष असल्यामुळे जागेला विजयनगर हे नाव दिलं.’ दोन्ही गोष्टी उताऱ्यात आहेत, त्यांना जोडणारं ‘मुळे’ मात्र नाही. हा प्रकार मला सर्वांत खोडसाळ वाटतो, कारण विधानातला शब्द न् शब्द उताऱ्यात सापडतो आणि माणूस बिनधास्त ट्रू लिहून पुढं जातो.

आता क्लासमध्ये वाटल्या जाणाऱ्या टिपांबद्दल. ‘सापडलं नाही तर नॉट गिव्हन’ ही टीप ज्यानं काढली त्यानं सीमाभागातल्या पोरांचे किती मार्क खाल्ले असतील देव जाणे. न सापडणं आणि नसणं एक नव्हे. उतारा तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगतो आणि तुमचे डोळे विधानातला शब्द शोधत फिरतात. दुसरी टीप म्हणजे ‘ओन्ली, ऑल, ऑल्वेज दिसलं की फॉल्स’. वरच्या उताऱ्यावर लावून बघा: ‘गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते असं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन बेळगावात झालं.’ ‘एकमेव’ आहे आणि विधान चक्क ट्रू आहे. असे शब्द दिसले की थांबून वाचायचं, एवढंच. सलग तीन उत्तरं सारखी येत नाहीत, ही तिसरी टीप तर लॉटरीच्या दुकानात शोभेल.

न सापडणं आणि नसणं वेगळं करायचं तर क्रमाचा आधार घ्या. या प्रकारात विधानं साधारणपणे उताऱ्याच्या क्रमानं येतात. तिसऱ्याचं उत्तर दुसऱ्या परिच्छेदात मिळालं, पाचव्याचं चौथ्यात, तर चौथ्याचा शोध त्या दोघांच्या मधेच. तेवढा पट्टा दोनदा सावकाश वाचा. विषय निघतो पण विधानातला नेमका दावा निघत नाही, तर नॉट गिव्हन लिहा आणि हला तिथून. ६० मिनिटांत ४० प्रश्न आहेत, उत्तरं उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही. नसलेली ओळ शोधत अख्खा उतारा पुन्हा चाळणं परवडत नाही. चुकीला मार्क कापत नाहीत, त्यामुळे कोरं मात्र काही सोडू नका.

एवढा जीव का काढायचा, असं वाटत असेल तर हिशेब बघा. आयईएलटीएसच्या अकॅडमिक प्रकारात रीडिंगमध्ये ४० पैकी साधारण २३ बरोबर आले की ६ बँड (म्हणजे निकालातला गुणांक) आणि ३० आले की ७. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायला तिथली एनएमसी ही संस्था रायटिंगला ६.५ चालवून घेते, रीडिंगला ७ मागते. ६.५ वर अडकलेल्या मुलीला हवे असलेले दोन-तीन मार्क बहुतेक वेळा याच प्रश्नांत सांडलेले असतात. जनरल ट्रेनिंग हा परीक्षेचा दुसरा प्रकार देणाऱ्यांनी खूश होऊ नये. उतारे सोपे, पण ३० बरोबरला तिथं ६ च बँड पडतो. ७ साठी ३४ च्या आसपास लागतात. प्रश्नाचा हा प्रकार दोन्हीकडे आहे.

सरावाला केंब्रिजची जुन्या प्रश्नपत्रिकांची पुस्तकं घ्या, नेटवरचे फुकटचे पेपर नकोत; त्यांतल्या उत्तरपत्रिकाच कधी कधी फॉल्स आणि नॉट गिव्हनमध्ये गोंधळलेल्या असतात. प्रत्येक फॉल्ससमोर विधान खोडणारे उताऱ्यातले शब्द लिहा. लिहिता आले नाहीत तर ते फॉल्स नव्हे. प्रत्येक नॉट गिव्हनसमोर कोणती माहिती गायब आहे ते लिहा: तुलना, कारण, आकडा, काय ते. कंटाळवाणं आहे, पण पीडीएफ पाठ करण्यापेक्षा हजारपट बरं.

राहिला येस-नो-नॉट गिव्हन. तर्क तोच. तिथं माहितीऐवजी लेखकाचं मत तपासायचं असतं, आणि सूचनेत येस-नो असेल तर येस-नोच लिहायचं, ट्रू-फॉल्स नाही. आपल्या भागातल्या माणसाला एक जादा इशारा मात्र देतो. मातृभाषेतलं शिक्षण, शाळेचं माध्यम, अल्पसंख्याकांची भाषा असा उतारा आला तर पेन्सिल घट्ट धरा. या विषयावर आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही मत असतं, आणि लेखकानं न मांडलेलं मत आपण त्याच्या तोंडी घालून मोकळे होतो.