चामड्याची सीट रुळते तेव्हा

सायकलच्या कोऱ्या चामडी सीटवर नखाने टकटक करून पाहा. कोरडा, खणखणीत आवाज येतो. आत फोम नाही, जेल नाही, वर रेक्झिन नाही. पाचेक मिलिमीटर जाडीचं एकसंध चामडं मागच्या पत्र्यापासून पुढच्या नाकापर्यंत ताणून रिव्हेट केलेलं असतं आणि त्याच्याखाली निव्वळ हवा. हजारो रुपये मोजून ही सीट घेतलेला माणूस पहिल्या आठवड्यात हमखास कुणाला तरी विचारतो, ‘ही मऊ कधी होणार?’ मग सल्ले सुरू होतात. तेलात भिजव, गरम पाण्यात बुडव, हातोडीने ठोक, ओव्हनमध्ये ठेव.

या सगळ्या सल्ल्यांमागे एकच समजूत आहे: सीट कडक म्हणून टोचते, मऊ झाली की टोचणार नाही. पण वर्षानुवर्षं वापरलेली, मालकाला जिवापाड आवडणारी सीट अंगठ्याने दाबून पाहिली तर ती मऊ लागत नाही. कडकच असते. फरक एवढाच की मागच्या रुंद भागात तिला दोन उथळ खळगे पडलेले असतात. म्हणजे रुळताना बदलतो तो मुख्यतः आकार. मऊपणा येतो तो थोडा, आणि तोही ठरावीक जागी. हे एकदा लक्षात आलं की वरचे निम्मे सल्ले आपोआप गळून पडतात.

या सीटचं सर्वांत प्रसिद्ध घराणं इंग्लंडमधलं ब्रुक्स. जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी 1866 मध्ये बर्मिंगहॅमला घोड्यांच्या साजाचा धंदा सुरू केला. 1878 मध्ये त्यांचा घोडा मेला, त्यांनी उसनी सायकल घेतली, तिची सीट इतकी जाचक निघाली की स्वतःच सीट बनवायला घेतली, अशी गोष्ट कंपनी आवडीने सांगते. सीटचं पेटंट 1882 चं. त्यांचं बी-17 हे मॉडेल शंभरहून जास्त वर्षं फारसं न बदलता चालू आहे आणि आजही बर्मिंगहॅमला लागून असलेल्या स्मेदिकमध्ये बनतं. आपल्याकडच्या जुन्या हर्क्युलिस आणि रॅले सायकलींवरच्या स्प्रिंगवाल्या चामडी सीट याच कुळातल्या. हल्ली पुण्या-मुंबईतल्या लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांकडे, विशेषतः 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पुरं करायच्या बीआरएमला, म्हणजे वेळेच्या बंधनातल्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, उतरणाऱ्यांकडे, त्या पुन्हा दिसू लागल्या आहेत.

आता चामड्याच्या आत शिरू. जनावराचं कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन. त्याचा एकेक रेणू तीन साखळ्यांचा पीळ घातलेला, साधारण 300 नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड. असे रेणू शेजारी शेजारी लागून तंतुक होतात, तंतुकांचे तंतू होतात आणि तंतूंच्या जुड्या कातड्यात आडव्यातिडव्या गुंतलेल्या असतात. कापडासारखी ताणा-बाण्याची शिस्त इथे नाही; जुड्या सगळ्या दिशांना धावतात. कच्चं कातडं ओलं राहिलं तर सडतं आणि वाळलं तर खडखडीत होतं, कारण पाणी निघून गेल्यावर तंतू एकमेकांना चिकटून बसतात.

कातडं कमावणं म्हणजे या तंतूंच्या मधे काहीतरी कायमचं नेऊन बसवणं. वनस्पतींच्या साली-फळांमधलं टॅनिन ते काम करतं. टॅनिनचे मोठे रेणू कोलॅजेनच्या साखळ्यांना असंख्य हायड्रोजन बंधांनी धरतात आणि तंतूंमधली जागा भरून काढतात. कोल्हापुरी चपलेचं चामडं असंच, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. हिरडा तर एके काळी भारतातून मोठ्या प्रमाणावर ब्रिटनच्या टॅनऱ्यांमध्ये जात असे. नवी कोल्हापुरी आधी चावते आणि मग त्याच पायाची होऊन जाते. दुसऱ्याने घातली तर त्याला ती पुन्हा चावते. सीटचं गणित हुबेहूब तेच आहे, कारण मालही त्याच जातीचा आहे.

क्रोमियमचे क्षार वापरून कमावलेलं चामडं वेगळं. जॅकेट, हातमोजे, बहुतेक बुटांचे वरचे भाग त्याचे असतात. ते उष्णतेला जास्त टिकतं, मऊ असतं, पण ताणलं की परत येऊ पाहतं आणि साच्याचा आकार नीट धरत नाही. सालीवर कमावलेलं जाड चामडं पाण्यात भिजवून साच्यावर दाबलं आणि तसंच वाळू दिलं तर त्या आकारात घट्ट बसतं. सीट नेमकी अशीच घडवतात. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: सीटला आकार पाण्याने दिलेला आहे, तेव्हा पाणी तो काढूनही घेऊ शकतं.

आता तुम्ही सीटवर बसता. शरीराचा भार सीटवर येतो तो मुख्यतः ओटीपोटाच्या हाडाच्या तळाशी असलेल्या दोन उंचवट्यांवरून. प्रौढ माणसात त्यांच्यातलं अंतर ढोबळमानाने 10 ते 13 सेंटिमीटर असतं, आणि सरासरीने बायकांमध्ये थोडं जास्त. सपाट, ताठ चामड्यावर हे दोन उंचवटे टेकले की सगळा भार दोन लहान ठिपक्यांवर येतो. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. क्षेत्रफळ इवलंसं, म्हणून दाब प्रचंड. खळगा पडला की हाडाभोवतीचा जास्त भाग चामड्याला टेकतो आणि तोच भार जास्त जागेत पसरतो. सीट मऊ न होताही दुखणं कमी होतं, ते यामुळे.

खळगा पडतो कसा? ताणाखाली असलेल्या जुड्या हळूहळू ताणाच्या दिशेला वळतात, एकमेकींवरून किंचित घसरतात आणि त्यांच्यातले काही बंध तुटून नव्या जागी जुळतात. भार कायम असताना वस्तू वेळेगणिक थोडी थोडी वाकत जाते, या वागण्याला अभियंते क्रीप म्हणतात. उतरलात की त्यातला काही भाग परत येतो, काही राहून जातो. जो राहतो तोच खळगा. क्रीपची एक खोड आहे: तो सुरुवातीला भराभर होतो आणि मग मंदावत जातो. पहिल्या तासापासून दहाव्या तासापर्यंत चामडं जेवढं बसलं, साधारण तेवढंच आणखी बसायला दहाव्यापासून शंभराव्या तासापर्यंत वेळ लागतो, असा हा हिशेब. ‘माझी सीट अमुक किलोमीटरला रुळली’ असं लोक सांगतात, पण चामड्याला किलोमीटर कळत नाहीत. त्याला कळतो तो भार, वेळ, ओलावा आणि उष्णता. जड माणूस, दमट हवा, लांब बैठक असेल तर काम लवकर होतं. कोरड्या हिवाळ्यात रोज वीस मिनिटं ऑफिसला जाणाऱ्याचं रेंगाळतं.

इथे भूमितीही हात देते. समजा, 27 सेंटिमीटर अंतरावर दोन टोकांना बांधलेला चामड्याचा सरळ पट्टा आहे आणि मधोमध 40 किलो भार आहे. पट्टा 1 सेंटिमीटर खाली झुकला असेल तर त्याच्यातला ताण निघतो सुमारे 270 किलो. भाराच्या जवळपास सातपट! झोळ 2 सेंटिमीटर झाला की तोच ताण 135 किलोवर येतो. झोळ दुप्पट, ताण निम्मा. खरी सीट सरळ पट्टा नाही, तिला बाजूंनी खाली वळलेले चामड्याचे पडदे आहेत आणि भार मधोमध नसून मागे असतो. पण कल खरा आहे. चामडं जसं बसत जातं तसा त्याच्यावरचा ताण उतरतो, आणि ताण उतरला की बसणंही मंदावतं. ही सीट वीस-वीस वर्षं चालते, झोपाळा होऊन लोंबत नाही, याचं एक कारण हे.

याच हिशेबाची दुसरी बाजू चामडं कमी-जास्त ताणण्यासाठी नाकाखाली दिलेल्या बोल्टला लागू होते. वरच्या पट्ट्याला 1 सेंटिमीटर झोळ यायला त्याची लांबी किती वाढावी लागते? फक्त पाऊण मिलिमीटर. म्हणजे चामडं आणखी ताणलं नाही असं धरलं, तर बोल्ट फिरवून नाक अर्धा मिलिमीटर पुढे ढकललं की झोळ निम्म्याच्या जवळ येतो आणि बसल्यावरचा ताण पावणेदोनपट होतो. हा सगळा ताण शेवटी पेलतात त्या कडेच्या रिव्हेटा. तिथे चामड्याला भोक पाडलेलं असतं आणि फाटायला सुरुवात तिथूनच होते. नवी सीट कडक वाटते म्हणून बोल्ट ढिला करणारे आणि चार महिन्यांत थोडी बसली म्हणून कचकचून आवळणारे, दोघेही तिचं आयुष्य कमी करतात. सीट खरोखरच लोंबायला लागली, बाजूचे पडदे बाहेर फाकू लागले, तर किल्ली हातात घ्यावी, आणि तीही पाव फेऱ्याच्या मापाने.

मग तेल आणि पाणी? दोन्ही तंतूंच्या मधे शिरून त्यांना घसरायला मोकळीक देतात. पाणी तर हायड्रोजन बंधांच्या जागाच बळकावतं, म्हणून भिजलेलं चामडं इतकं लुळं पडतं. अडचण अशी की बादलीत बुडवलेली सीट सगळीकडून लुळी पडते. तुम्हाला खळगा हवा आहे दोन जागी. नाक, कडा, रिव्हेटांभोवतीचा भाग हे सगळं ताठच राहायला हवं. तेलात भिजवल्याचंही तेच. शिवाय तेल वाळून निघून जात नाही. जास्त झालेलं तेल चामड्यात राहतं, उन्हात पाझरतं, चड्डीला डाग पाडतं आणि सीट कायमची ढिली करून ठेवतं. जवसाचं तेल तर हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून घट्ट होतं, त्यामुळे मऊ करायला लावलेलं तेल पुढे चामडं कडक करतं. चपलेला एरंडेल चोळणं ठीक आहे, तिला दोन टोकांमध्ये शंभर-दोनशे किलोचा ताण पेलायचा नसतो.

सीटसाठी मिळणाऱ्या मलमांमध्ये चरबी आणि तेलांबरोबर मेण असतं ते म्हणूनच. मधमाशीचं मेण 62-64 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, त्यामुळे ते आत फार न शिरता पृष्ठभागावर राहून पाणी अडवतं. थोडी चरबी आत जाते आणि तंतू कोरडे पडू देत नाही. नव्या सीटला पातळ हात मारावा, रात्रभर ठेवून फडक्याने पुसावं. खालच्या खरखरीत बाजूला एकदाच, कारण तिथून तेल फार झपाट्याने शोषलं जातं. पुढे वर्षातून दोन-तीनदा पुरतं. रोज चोळणारे हौशी लोकही असतात. त्यांनी ती हौस चेनवर भागवावी.

ओव्हनचा सल्ला मात्र थेट घातकी. कोलॅजेनचा पीळ ठरावीक तापमानाला उसवतो आणि चामडं आखडतं. ओल्या अवस्थेत सालीवर कमावलेल्या चामड्यासाठी हे तापमान साधारण 70 ते 85 अंश असतं, तर क्रोमच्या चामड्यासाठी शंभराच्या वर. एकदा उसवलेला पीळ परत पडत नाही. म्हणून भिजलेली सीट हेअर ड्रायरने किंवा कडक उन्हात वाळवू नये. सावलीत, वाऱ्यावर, तिच्या वेगाने वाळू द्यावी आणि पूर्ण वाळेपर्यंत तिच्यावर बसू नये. ओल्या सीटवर केलेली एक लांब सवारी महिन्यांचं बसणं एका दिवसात करून टाकते, आणि तेही नको तिथे.

आपल्या पावसाळ्यात हे सांभाळणं कटकटीचं आहे, यात शंका नाही. वरून पाऊस, खालून मागच्या चाकाने उडवलेला चिखल. वरच्या बाजूला प्लास्टिकची टोपी घालणारे खालची उघडी बाजू विसरतात, आणि पाणी जास्त तिथूनच शिरतं. मडगार्ड नसेल तर जून ते सप्टेंबर दुसरी सीट लावलेली बरी. काढून ठेवलेली सीट बंद कपाटात टाकली तर कोकणात-मुंबईत आठवड्याभरात पांढरी बुरशी धरते. उघड्या, हवेशीर जागी ठेवावी. लोखंडी भागाजवळ ओलं चामडं काळं पडलेलं दिसलं तर ती बुरशी नव्हे. लोह आणि टॅनिन मिळून निळसर काळा रंग होतो; हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी शाई करत, तीच ही रसायनक्रिया. म्हणूनही सीटला तांब्याच्या रिव्हेटा बऱ्या.

तर मग सीट योग्य जागी मऊ करायची कशी? ते काम बसणारा माणूस करतच असतो. हाडांखाली चामड्याला शरीराची ऊब मिळते, घामाची वाफ मिळते आणि भारही तिथेच असतो. ओलावा, उष्णता, ताण हे तिन्ही नेमक्या हव्या त्या दोन जागी एकत्र येतात आणि बाकीची सीट कोरडी, ताठ राहते. कुठलंही तेल इतकं नेमकं पोचत नाही. सुरुवातीला अर्ध्या-पाऊण तासाच्या फेऱ्या आणि मधे एखाद्या दिवसाची सुट्टी, एवढीच कृती. नवी सीट लावून थेट बीआरएमच्या सुरुवातीला जाऊन उभं राहू नये, कारण त्या पहिल्या काळात सीटइतकेच तुमच्या हाडांवरचे मऊ भागही सवय लावून घेत असतात आणि त्यांना दुरुस्तीला वेळ लागतो.

आणि सगळंच दुखणं रुळण्याच्या खात्यावर टाकू नये. हाडांच्या उंचवट्यांवरचा ठणका हळूहळू कमी होत गेला तर ठीक. पण मांड्यांच्या मधे बधिरपणा आला, मुंग्या आल्या, तर भार हाडांवर नसून मधल्या नसांवर आणि रक्तवाहिन्यांवर पडतोय. तो सीटच्या तिरकेपणाचा, उंचीचा किंवा रुंदीचा दोष आहे आणि हजार किलोमीटर चालवूनही जाणार नाही. आधी सीट सपाट आहे का पाहा. चामड्याची सीट पुढे घसरायला झालं तर नाक किंचित वर घ्यावं लागतं, पण किंचितच. मग उंची पाहा. तरीही बधिरपणा राहिला तर ती सीट तुमच्या हाडांच्या मापाची नाही. खळगे पडायच्या आत विकून टाका, तेवढेच पैसे बरे येतील.