मद्यमुक्ती स्वमदत गट

दारूचे व्यसन असलेल्या माणसांनी ते सोडण्यासाठी आणि सुटलेले टिकवण्यासाठी ठरावीक वारी, ठरावीक वेळी भरवलेली बैठक म्हणजे मद्यमुक्ती स्वमदत गट. गट चालवणारे स्वतःच त्या वाटेने गेलेले असतात. तिथे तपासणी होत नाही की औषध मिळत नाही.

सर्वांत परिचित आणि जगभर पसरलेले जाळे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे, म्हणजे एएचे. मे १९३५ मध्ये बिल विल्सन हा शेअर दलाल कामानिमित्त अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात आला होता. व्यवहार फसला आणि दारूची ओढ अनावर झाली, तेव्हा दुसऱ्या एखाद्या मद्यपीशी बोलता यावे म्हणून त्याने फोन फिरवायला सुरुवात केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या सर्जनची गाठ पडली. डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ रोजी. हाच एएचा स्थापनादिन मानतात. एका मद्यपीने दुसऱ्याशी बोलले की दोघांचाही आजचा दिवस निभावतो, या अनुभवावर आजही प्रत्येक गट उभा आहे.

गटात जाण्याआधी एक गोष्ट पाहणे अत्यावश्यक आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, झोप उडणे असा त्रास सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, ताप आणि भ्रमिष्टपणा दिसला तर तो जिवावरचा प्रसंग असतो. अशा माणसाने, विशेषतः पूर्वी फिट येऊन गेली असेल तर, घरच्या घरी दारू तोडू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. मात्र गटात येण्यासाठी ती आधी सुटलेली असावी लागत नाही. ‘पिणे थांबवण्याची इच्छा’ एवढीच एएची सदस्यत्वाची अट आहे.

गटाचा पत्ता एएच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा हेल्पलाइनवर मिळतो. व्यसनमुक्ती केंद्रे आणि मानसोपचारतज्ज्ञही सांगतात. याद्या जुन्या होतात, जागा बदलतात. मोठ्या हिमतीने निघालेला माणूस कुलूप पाहून परत फिरला तर पुन्हा निघेलच असे नाही, म्हणून आदल्या दिवशी फोन करून खात्री करावी. त्याच फोनवर बैठक खुली आहे की बंद, हे विचारावे. खुल्या बैठकीला नातेवाईक किंवा अभ्यासकही बसू शकतात. बंद बैठक फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हे वेगळे जाळे १९५१ पासून आहे. एएच्या बारा पायऱ्यांतील, म्हणजे व्यसनमुक्तीसाठी क्रमाने करायच्या बारा गोष्टींतील, ईश्वराचा उल्लेख ज्यांना रुचत नाही त्यांच्यासाठी वर्तनविषयक तंत्रांवर चालणारे स्मार्ट रिकव्हरी, तर स्त्रियांसाठी १९७५ पासूनचे विमेन फॉर सोब्रायटी असे पर्याय आहेत. ऑनलाइन बैठकाही भरतात.

बैठक बहुधा एक ते दीड तासाची असते. दहा मिनिटे आधी पोहोचून ‘मी पहिल्यांदाच आलोय’ एवढे सांगितले की पुढचे कोणीतरी पाहतो. फक्त पहिले नाव पुरते. सदस्य एकेक करून काही मिनिटे आपला अनुभव सांगतात, यालाच शेअरिंग म्हणतात. त्यावर मध्येच प्रश्न, सल्ला किंवा उलटतपासणी सहसा चालत नाही, आणि म्हणूनच माणसे मोकळी होतात. आपली पाळी आल्यावर ‘आज फक्त ऐकतो’ म्हटले तरी चालते. शेवटी पैशांसाठी पिशवी किंवा डबा फिरतो. नव्या माणसाने काही टाकलेच पाहिजे असे नाही. एए सदस्यत्वाची फी घेत नाही आणि बाहेरची देणगीही स्वीकारत नाही.

नवे लोक गळतात त्याची कारणे ठरलेली आहेत. पहिले म्हणजे तुलना: ‘यांची नोकरी गेली, संसार मोडला, मी अजून तेवढा बिघडलो नाही.’ घटना सोडून भावना ऐकल्या तर साम्य सापडते. दुसरे, एकाच बैठकीवरून निकाल लावणे. प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा असतो, म्हणून निदान सहा बैठका, शक्यतो दोन-तीन वेगळ्या गटांत, बसून पाहाव्यात. तिसरे, संपताक्षणी निघून जाणे. खुर्च्या आवरताना जी पंधरा मिनिटे जातात त्यांतच फोन नंबर मिळतात आणि पुढे स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्यांतून हात धरून नेणारा जुना सदस्य, सापडतो. स्पॉन्सर स्वतः काही काळ मद्यमुक्त राहिलेला असावा. पुरुषाला पुरुष आणि स्त्रीला स्त्री असा संकेत आहे. नव्या सदस्याशी कोणी लगट करू लागला तर संकोच न करता गट बदलावा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याचेही ऐकू नये. औषधोपचारात सदस्यांनी पडू नये, ही एएचीच भूमिका आहे.

गटाचा उपयोग होतो का, हे संशोधनातूनही तपासले गेले आहे. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था. तिच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ सहभागी होते. एएशी जोडून देणारे पद्धतशीर उपचार सलग मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरल्याचे त्यात दिसले.

घसरण, म्हणजे स्लिप, अनेकांच्या वाट्याला येते. त्यानंतर शरमेने बैठक टाळणे हे पुन्हा पिण्याइतकेच घातक असते. बैठकीनंतर मिळालेला सदस्याचा नंबर पहिल्या पेगच्या आधी फिरवायचा असतो. तो राहून गेला तर नंतर फिरवावा आणि त्याच आठवड्यात परत जाऊन बसावे.