कळसूबाई आणि साल्हेर: सर्वात उंच कोण, आणि पहिल्यांदा कुठे जायचं?

"महाराष्ट्रातला सर्वात उंच किल्ला कोणता?" असं विचारलं की कुणीतरी हमखास "कळसूबाई" म्हणतं. साल्हेर करून आलेले काहीजण तर राज्याच्या सर्वोच्च ठिकाणी उभे राहून आलो असं सांगतात. दोघांचीही गल्लत एकाच जागी होते. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर आहे, उंची १६४६ मीटर. साल्हेर हा सर्वात उंच किल्ला आहे, उंची १५६७ मीटर. फरक फक्त ७९ मीटरचा, पण डोंगर पायाखाली आला की हे दोन अगदी वेगळे दिवस असतात. पहिल्यांदाच ट्रेकला निघणाऱ्याने हा फरक आधी समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

कळसूबाई किल्ला नाही. तिथे तट नाही, बुरूज नाही, दरवाजा नाही. माझा नऊ वर्षांचा भाचा अडीच-तीन तास चढून माथ्यावर पोहोचला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "मावशी, तोफ कुठे आहे?" चूक माझी होती. घरून निघताना मीच "चल, किल्ल्यावर जाऊ" म्हणाले होते. माथ्यावर आहे ते कळसूबाई देवीचं छोटंसं देऊळ आणि त्याभोवती जेमतेम माणसं मावतील एवढी जागा. हा देवीचा डोंगर आहे. कळसू ही कोळ्यांची मुलगी, ती एका घरी कामाला राहिली. अमुक कामं करणार नाही, अशी तिची अट होती. तरी तिला भांडी घासायला लावली, तेव्हा ती घर सोडून या डोंगरावर निघून आली आणि परतली नाही, अशी इथली कथा आहे. पायथ्याच्या गावांतले लोक नवरात्रात वर येतात ते तिच्यासाठी. आपण 'समिट' म्हणून चढतो, ते त्यांच्यासाठी देवीचं घर आहे. हे ध्यानात असलं की देवळापाशी चपला घालून फोटो काढायला हात धजावत नाही.

साल्हेर पूर्णपणे किल्ला आहे. पायथ्याच्या वाघांबे गावाकडून चढलं तर आधी साल्हेर आणि सालोटा या जोडकिल्ल्यांमधली खिंड लागते. तिथून कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, अशा आडव्या वाटेवर गुहा खोदलेल्या दिसतात. वरच्या सपाटीवर गंगासागर तलाव आहे आणि अगदी माथ्यावर परशुरामाचं देऊळ. परशुरामाने इथूनच बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकण वसवलं, अशी आख्यायिका आहे. इतिहासाचं म्हणाल तर १६७२ मध्ये याच किल्ल्याच्या परिसरात मराठे आणि मुघल समोरासमोर भिडले. शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे आणि सरनौबत प्रतापराव गुजर यांच्या फौजांनी उघड्या मैदानात मुघलांचा पराभव केला. मराठ्यांचे सरदार सूर्याजी काकडे इथेच धारातीर्थी पडले. मराठे फक्त गनिमी काव्यानेच लढले असं मानणाऱ्यांनी खिंडीत बसून खालच्या मोकळ्या रानाकडे एकदा बघावं. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या बारा किल्ल्यांत साल्हेर आहे. कळसूबाईचं नाव त्या यादीत शोधू नका, कारण ती यादी किल्ल्यांची आहे.

आता पहिल्या ट्रेकचं. माझं मत स्पष्ट आहे: आधी कळसूबाई.

कळसूबाई सोपी आहे म्हणून नव्हे. पायथ्याच्या बारी गावापासून माथ्यापर्यंत चढ चांगला आठ-नऊशे मीटरचा आहे, आणि मांड्या दुसऱ्या दिवशी जिना उतरू देत नाहीत. पण इथे कस लागतो तो फक्त दमाचा. वाट चुकण्याचा प्रश्न जवळजवळ येत नाही, सोबतीला माणसं असतात, गावकऱ्यांच्या टपऱ्यांवर लिंबू सरबत मिळतं. जिथे कातळ उभा आहे तिथे लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. नवख्यांना भीती वाटते ती या शिड्यांची, म्हणून जरा तपशिलात सांगते. चढताना दोन्ही हात कठड्यावर ठेवा, पाऊल पायरीवर पूर्ण टेका, आणि पाण्याची बाटली हातात नको, पाठीवरच्या पिशवीत हवी. उतरताना बहुतेकजण दरीकडे तोंड करून उतरू बघतात आणि तिथेच पाय लटपटतात. शिडीकडे तोंड करून, घरातल्या माळ्यावरून उतरतो तसं उतरा. समोर फक्त गंज चढलेलं लोखंड आणि कातळ दिसतो, मन आपोआप शांत होतं. शनिवार-रविवारी, त्यातून पावसाळ्यात, शिडीच्या दोन्ही टोकांना रांगा लागतात आणि ओल्या लोखंडावर धक्काबुक्की होते. नवख्याने हे दिवस टाळावेत. शेवटच्या टप्प्याच्या आधी एक विहीर आहे, पण घरून निघताना प्रत्येकी दोन-तीन लिटर पाणी घ्याच.

साल्हेरला यातलं काही गृहीत धरता येत नाही. नाशिकहून सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर करत गुजरातच्या सीमेजवळ पोहोचेपर्यंतच सकाळ निघून जाते, त्यामुळे आदल्या रात्री पायथ्याशी मुक्काम केलेला बरा. वर टपरी नाही, आठवड्याच्या मधल्या वारी माणूसही भेटत नाही. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, पाय सरकतो, खोदीव पायऱ्या काही ठिकाणी झिजून उतरत्या झाल्या आहेत, आणि बागलाणातलं, म्हणजे साल्हेरच्या मुलखातलं, ऊन मार्चपासूनच भाजून काढतं. वाट माहीत असलेला गावातला माणूस सोबत घ्या. त्याच्या हाताला कामही मिळतं आणि आपला जीवही सुरक्षित राहतो.

जाता जाता आणखी एक गल्लत. कळसूबाईला 'सह्याद्रीचं सर्वोच्च शिखर' म्हणायची सवय आपल्याला लागली आहे. महाराष्ट्रापुरतं ते खरं आहे. पण हीच डोंगररांग पुढे केरळपर्यंत जाते आणि तिथलं आनमुडी शिखर २६९५ मीटर उंच आहे.

कळसूबाई आणि साल्हेर, दोन्हींसाठी उत्तम काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मी स्वतः कळसूबाईसाठी सप्टेंबरअखेरचा मधला वार निवडते. पाऊस ओसरलेला असतो, उतारांवर सोनकीची पिवळी रानफुलं फुललेली असतात, आणि ढग फाटले की समोर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले ओळीने उभे दिसतात, दुसरीकडे भंडारदरा धरणाचं पाणी. पहाटे सहाला बारी सोडलं तर दुपारच्या जेवणाला खाली येता येतं.

भाचा आता बारा वर्षांचा आहे. गेल्या थंडीत त्याला साल्हेरला नेलं. पहिल्या दरवाजात तो थांबला, उंबऱ्याशेजारच्या दगडातली अडसराची खोबण बोटाने चाचपली आणि विचारलं, "हा अडसर आतून लावायला किती माणसं लागत असतील?" आम्ही तिथेच बसून डबा उघडला.