टर्बो इंजिनातली झडप आणि तिची स्प्रिंग

गोव्यातून साखळी, केरी करत चोर्ला घाट चढताना टर्बो पेट्रोल गाडीचं इंजिन बराच वेळ भरल्या दाबावर चालतं. वळण आलं, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलला, क्लच दाबला, की काही गाड्यांच्या बॉनेटखालून ‘फुस्स’ असा आवाज येतो. तो ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा. बहुतेकांना वाटतं की दाब फार वाढला म्हणून झडपेने तो सोडून दिला, कुकरच्या शिटीसारखा. पण शिटी ठरलेल्या दाबाला उचलली जाते. ही झडप मात्र चढावर इंजिन पुरा जोर लावत असताना, म्हणजे दाब सगळ्यांत जास्त असताना, घट्ट मिटलेली असते. ती उघडते पाय उचलल्यावर.

असं का, ते समजायला टर्बोच्या आत डोकवावं लागतं. एक्झॉस्टच्या वायूंवर एक चाक फिरतं आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचं चाक, म्हणजे कॉम्प्रेसर, बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी 1905 साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. आजच्या छोट्या पेट्रोल इंजिनात हा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेतो. पाय उचलला की थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेवरचं दार, क्षणात बंद होतो. शाफ्ट मात्र इतक्या लवकर थांबत नाही. पुढची वाट बंद आणि मागून हवा येतेच आहे. प्रवाह इतका कमी झाल्यावर कॉम्प्रेसरला तो दाब पेलवत नाही आणि नळीतली हवा पात्यांवरून उलटी वाहू लागते. दाब थोडा उतरला की पुन्हा सरळ, मग पुन्हा उलटी. याला सर्ज म्हणतात. कानाला ती फडफड ऐकू येते आणि प्रत्येक हिसका शाफ्टला मागेपुढे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर बसतो. शिवाय टर्बोचा वेग पडतो, त्यामुळे पुढच्या गियरला गाडी सुस्तावते.

हे टाळायला अडलेली हवा सोडून देते ती ही झडप. तिची रचना साधी आहे. एक पिस्टन किंवा डायफ्रॅम, म्हणजे लवचीक पडदा. खालच्या अंगाला टर्बो आणि थ्रॉटल यांच्यामधल्या नळीचा दाब. वरच्या अंगाला एका बारीक होजमधून आणलेला, थ्रॉटलच्या पलीकडचा म्हणजे इनटेक मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांचा) दाब, आणि त्याच्या जोडीला स्प्रिंग. थ्रॉटल पूर्ण उघडा असला की दोन्हीकडचा दाब जवळजवळ सारखा असतो. तो अर्धा बार (बार हे दाबाचं एकक) असो की दीड बार, एकमेकांना मारून जातो आणि उरते फक्त स्प्रिंग. ती झडप मिटून धरते. थ्रॉटल बंद झाला की मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो, खालचा दाब मात्र तसाच असतो, आणि पिस्टन वर उचलला जातो.

म्हणून झडपेचं डिझाइन म्हणजे मुख्यतः या स्प्रिंगचा हिशेब. पिस्टनचा व्यास 30 मिलिमीटर धरू; क्षेत्रफळ साधारण 7 चौरस सेंटिमीटर. पणजीत, समुद्रसपाटीला, हवेचा दाब 1.01 बार. गाडी जागेवर नुसती चालू ठेवली, म्हणजे आयडलिंगला, तर मॅनिफोल्डमधला दाब 0.35 बारच्या आसपास असतो. फरक 0.66 बार, म्हणजे पिस्टनवर सुमारे 47 न्यूटन बल. पावणेपाच किलो वजनाइतकं. आता 1 बार बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा 1 बार जास्त दाब, असताना पाय उचलला, तर खाली 2.01 आणि वर 0.35. बल जातं 117 न्यूटनवर. स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण या दोन आकड्यांच्या मध्ये हवा. 60 न्यूटनची बसवली तर आयडलिंगला झडप बंद राहील, पाय उचलताच उघडेल आणि नळीत साधारण 0.2 बार बूस्ट उरला की परत मिटेल. तेवढी भरलेली हवा पुढच्या गियरला कामी येते. मला या साध्या यंत्रातलं हे सगळ्यांत सुंदर वाटतं: संगणक नाही, वायर नाही, फक्त दोन दाब आणि एक स्प्रिंग.

आता बेळगावला जाऊ. तिथली उंची साधारण 750 मीटर, हवेचा दाब 0.92 बारच्या जवळपास. इंजिन जागेवर फिरतं ठेवायला हवा जवळजवळ तेवढीच लागते, त्यामुळे मॅनिफोल्डमधला दाब फारसा बदलत नाही. फरक 0.57 बार, बल 40 न्यूटन. तिथल्या गॅरेजात कोणी मऊ स्प्रिंग हवी म्हणून 43 न्यूटनवर सेट केली, तर तिथे ती चोख चालेल. तीच गाडी घाट उतरून पणजीला आली की सिग्नलला उभी असताना झडप किंचित उघडी राहील.

हे किंचित उघडं राहणं महागात पडतं. जोर नसताना या नळीतला दाब बाहेरच्या हवेहून थोडा कमी असतो. झडप बाहेर सोडणारी असेल, तर त्या फटीतून हवा आत ओढली जाते, आणि ती फिल्टरमधून गेलेली नसते. डिचोली-साखळीकडच्या खनिजाच्या रस्त्यांवरची तांबडी धूळ ज्याने पाहिली आहे, त्याला आणखी सांगायला नको. आधीच या नळीत ऑइलची वाफ असते. धूळ आणि ऑइल मिळून पिस्टनवर चिकट थर बसतो आणि झडप अडकायला लागते.

बहुतेक कंपन्या म्हणूनच झडपेतली हवा बाहेर न सोडता परत टर्बोच्या तोंडाशी नेतात. त्याला दुसरंही कारण आहे. ज्या गाडीत एअर फ्लो सेन्सर हवा मोजतो, तिथे मोजलेली हवा बाहेर गेली तरी इंजिन तिच्या हिशेबाने पेट्रोल सोडतं. मिश्रण जाड होतं, गियर बदलताना हिसका बसतो, काळा धूर येतो. केवळ आवाजासाठी अशा गाडीला बाहेर सोडणारी झडप लावणं मला पटत नाही. डिझेल गाडीला तर तिची गरजच नाही, कारण डिझेलचा जोर थ्रॉटलने नाही, इंधनाच्या मात्रेने कमीजास्त होतो.

हवा दाबून भरणारं दुसरं यंत्र म्हणजे सुपरचार्जर. तो एक्झॉस्टवर नाही, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. त्यातला रूट्स प्रकार प्रत्येक फेऱ्याला ठरावीक हवा ढकलतो, तिथे थ्रॉटल सहसा अलीकडे असतो आणि सर्जचा प्रश्न येत नाही. तिथली बायपास झडप उलट स्वभावाची. सपाट रस्त्यावर निवांत चालताना निर्वात तिला उघडी धरतो, हवा आतल्या आत फिरते, इंजिनाची ताकद फुकट जात नाही आणि हवा तापतही नाही. पाय दाबला की निर्वात संपतो आणि स्प्रिंग झडप मिटते.

खरोखर ठरलेल्या दाबाला उघडणाऱ्या झडपाही होत्या. फॉर्म्युला वनमध्ये 1987 साली प्रत्येक टर्बो इंजिनावर पॉप-ऑफ व्हॉल्व्ह सक्तीचा झाला, मर्यादा 4 बार. पुढच्या वर्षी ती 2.5 बारवर आणली आणि 1989 साली टर्बोवरच बंदी आली, ती 2013 पर्यंत टिकली.

आपल्या गाडीतली झडप तपासायची तर मेकॅनिककडे हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप असतो. बारीक होज काढून त्याजागी पंप लावायचा, निर्वात ओढायचा आणि गेजचा काटा पाहायचा. काटा जागेवर राहिला तर डायफ्रॅम शाबूत आहे. हळूहळू उतरला तर तो फाटलाय. होजही बोटांनी वाकवून पाहावा. इंजिनाच्या उष्णतेने रबर कडक होतं, टोकाशी बारीक तडे जातात, आणि मग स्प्रिंग कितीही अचूक असली तरी झडपेपर्यंत निर्वात पोचतच नाही.