कुटुंब न्यायालयाच्या न्यायाधीशपदाची निवडणूक (न्यूयॉर्क राज्य)

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात कुटुंब न्यायालयाचा न्यायाधीश दोन वाटांनी पदावर येतो. न्यूयॉर्क शहरात महापौर त्याची नेमणूक करतो. शहराबाहेरच्या काउंट्यांत (जिल्ह्यासारख्या विभागांत) मतदार त्याला निवडून देतात. मुदत दोन्हीकडे १० वर्षांची, आणि वयाची ७० वर्षे पूर्ण होतील त्या वर्षाअखेर निवृत्ती.

फॅमिली कोर्ट म्हटले की आपल्याकडे आधी घटस्फोट आठवतो. न्यूयॉर्कमध्ये तो या न्यायालयाच्या कक्षेतच नाही. १९६२ च्या कायद्याने त्याच्याकडे मुलांचा ताबा, पोटगी, पितृत्व, दत्तक, घरगुती हिंसाचारातील संरक्षण आदेश, मुलांची हेळसांड आणि अल्पवयीनांचे गुन्हे सोपवले. इथे ज्युरी, म्हणजे निर्णय देणारे सामान्य नागरिकांचे मंडळ, नसते. मूल आईबापांकडे ठेवायचे की दुसऱ्या घरी पाठवायचे, हे एकटा न्यायाधीश ठरवतो. म्हणूनच तो कसा निवडला जातो याला एवढे महत्त्व आहे.

न्यायाधीश निवडून देण्याची प्रथा जुनी आहे. मिसिसिपीने १८३२ मध्ये सर्व न्यायाधीशांसाठी ती स्वीकारली, न्यूयॉर्कने १८४६ च्या राज्यघटनेने. भारतात हा प्रश्नच येत नाही: १९८४ च्या कायद्यानुसार राज्य सरकार उच्च न्यायालयाच्या संमतीने कुटुंब न्यायाधीश नेमते.

न्यूयॉर्कमध्ये उमेदवार त्या काउंटीचा रहिवासी असावा लागतो आणि त्याच्याकडे राज्यातील वकिलीची सनद किमान ५ वर्षांची, किंवा विधिमंडळ ठरवेल तितक्या अधिक वर्षांची, असावी लागते. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत उतरायचे तर सह्यांचे अर्ज भरून आणावे लागतात. उमेदवार किंवा कार्यकर्ता दारोदार जातो. सही करणारा त्याच पक्षात नोंदलेला मतदार हवा, सहीशेजारी तारीख आणि पत्ता हवा, पानाच्या तळाशी साक्षीदाराचे निवेदन हवे. यात चूक सापडली तर प्रतिस्पर्धी हरकत घेतो आणि सह्या बाद होऊ शकतात. पुढे मतपत्रिकेवर एकच नाव अनेक पक्षांच्या रकान्यांत छापता येते. इतर पदांसाठी एखाद्या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत बाहेरच्या उमेदवाराला उतरायचे तर त्या पक्षाची परवानगी लागते. न्यायिक पदांना त्यातून सूट आहे. दोन्ही मोठ्या पक्षांनी एकालाच उभे केले, तर मतदाराला निवड अशी उरतच नाही.

खरी अडचण प्रचारात येते. मते मागायची, पण आश्वासन द्यायचे नाही. ‘मी आईच्या बाजूने निकाल देईन’ किंवा ‘गुन्हेगार पोरांना सोडणार नाही’ असे बोलणे आचारनियमांत बसत नाही, कारण उद्या तेच पक्षकार समोर उभे राहणार असतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये वादग्रस्त कायदेशीर प्रश्नांवर मत मांडण्याचा उमेदवाराचा हक्क मान्य केला, पण निकालाची हमी देण्याला मोकळीक दिलेली नाही. राजकीय कार्यक्रमांत वावरण्याची मुभाही ठरावीक काळापुरती असते: उमेदवारी ठरण्याच्या ९ महिने आधीपासून मतदानानंतर ६ महिन्यांपर्यंत. परिणामी पत्रकांवर अनुभव, कुटुंब आणि वकील संघटनेने दिलेला ‘पात्र’ हा शेरा एवढेच उरते.

शहरातल्या नेमणुकीसाठी कायदा १० वर्षांच्या सनदेबरोबर स्वभाव, व्यवहारचातुर्य, संयम आणि साधी समज हे गुण नावानिशी मागतो. या कामाची इतकी नेमकी ओळख क्वचितच कुठल्या कायद्यात सापडेल. निवडणुकीत मात्र हे गुण पारखायचे ओझे मतदारावर पडते, आणि ज्यांनी त्या न्यायाधीशाला सर्वांत जवळून पाहिले त्या मुलांना मतदानाचा हक्क नसतो. ही या पद्धतीची सर्वांत मोठी उणीव आहे.

पैशांबाबत नियम कडक आहेत. उमेदवाराने स्वतः देणगी मागायची किंवा घ्यायची नाही. ते काम त्याच्या प्रचार समितीचे. कुणा वकिलाने किंवा पक्षकाराने २,५०० डॉलर वा अधिक दिले असतील, तर त्याचा खटला पुढची दोन वर्षे त्या न्यायाधीशाकडे सोपवायचा नाही, असा नियम राज्याच्या न्यायप्रशासनाने २०११ मध्ये केला. हे पाहणे प्रशासनाचे काम आहे, न्यायाधीशाचे नाही.